संकासूर आणि त्याचे सोयरे

शिमगा आला की रत्नागिरीच्या वाड्यावाड्यांतून मृदंग घुमू लागतो. फाल्गुन शुद्ध पंचमीपासून होळ्या पेटू लागतात. देवीची पालखी सहाणेवर येते, मग घरोघर जाते. मुंबईचा चाकरमानी रजा काढून गावी येतो. रजा मिळाली नाही तरी येतो. आणि रात्री खळ्यात येतात खेळे, म्हणजे नमनाची मंडळी. मृदंगावर थाप पडते. झांजा वाजतात. पायघोळ झगे गरगर फिरतात. मग एकाएकी घुंगरांचा खळखळाट होतो आणि एक काळी आकृती खळ्यात उडी घेते. पोरे आजीच्या पदराआड पळतात. मोठी माणसे हसतात.

तो संकासूर!

हे तुम्ही लहानपणापासून पाहिलेले आहे. कदाचित तुमच्यापैकी कोणी स्वतः ते सोंग घेतलेही असेल. मग त्यात आम्ही नवे काय सांगणार? आम्ही इतकेच सांगणार आहोत की या संकासुराला जगभर सोयरे आहेत. जपानात आहेत, इटलीत आहेत, लंकेत आहेत, बंगालात आहेत. काही तर अडीच हजार वर्षांपूर्वीचे आहेत. तिकडचे लोक त्यांना फार जपतात. आपण आपल्याला जपतो का, ते पुढे बघू.

सोंग म्हणजे काय?

शहरातली माणसे मुखवटा म्हणतात. मुख म्हणजे तोंड. गावात म्हणतात सोंग. आम्हाला गावचा शब्द जास्त आवडतो. तोंडावर बांधायची वस्तू, तेही सोंग. ती बांधून माणूस जो कोणी होतो, तेही सोंग. "गणपतीचं सोंग आलं" असे म्हणतात, तेव्हा वस्तू आली, माणूस आला की देव आला, असे कोणी विचारत नाही. तिन्ही एकदम आलेले असतात.

देवाघरीही मुखवटे असतात. शिमग्यात पालखीला देवीची रूपे लावतात, तेही मुखवटेच. भाद्रपदात कितीतरी घरी गौरीचे मुखवटे बसवतात. पितळेचे असोत, मातीचे असोत की कागदाचे असोत, त्यांना डोळे, नाक आणि कुंकू लागले की घरातली बाई त्यांच्याशी माहेरवाशिणीसारखी बोलू लागते. पण पूजेतला मुखवटा एका जागी बसतो किंवा पालखीत बसून फिरतो. खेळातल्या मुखवट्याला नाचावे लागते, पडावे लागते, मार खावा लागतो. त्याच्या मागे जिवंत माणूस असतो आणि त्याला घाम येतो. आज आपण या घामाच्या मुखवट्याविषयी बोलणार आहोत.

संकासुराची मूळ गोष्ट तुम्हाला ठाऊक असेल. शंखासुर नावाच्या दैत्याने वेद चोरले आणि समुद्रात लपवले. विष्णूने मत्स्याचा अवतार घेतला, त्याला मारले आणि वेद परत आणले. शंखासुराचा बोलता बोलता संकासूर झाला. दक्षिणेकडे सिंधुदुर्गात दशावतारी नाटकाच्या आरंभीही तो येतो. (सिंधुदुर्ग पूर्वी आपल्याच जिल्ह्यात होता. तो १९८१ साली वेगळा झाला.) तिथे गणपतीचे सोंग येते, रिद्धिसिद्धी येतात, मग संकासूर येतो, वेद चोरतो आणि विष्णूच्या हातून मरतो. मरण्याआधी मात्र लोकांना पोट धरून हसवतो.

आपल्याकडच्या नमनात तो गावागणिक थोडा वेगळा दिसतो. अंगात काळे कपडे, तोंडावर काळे सोंग, डोक्यावर उंच निमुळती टोपी, कमरेला घुंगरे आणि हातात दोराचा आसूड, अशी साधारण त्याची तऱ्हा. आहे तो राक्षस. पण काही गावांत लोक त्याला नवस बोलतात आणि तान्ही मुले त्याच्या हातात देतात. वेद चोरणारा दैत्य गावाला इतका प्रिय कसा झाला? याचे उत्तर पोथीत शोधू नका. ते सोंगात आहे.

तोंड झाकायचे कशाला?

कोणी विचारील, तोंडाला रंग लावला तर भागत नाही का? भागते की. दशावतारात गणपतीखेरीज बहुतेक नट आपले तोंड आपणच रंगवतात. केरळात कथकळी नावाचे नृत्य आहे. तिथे नट तासन् तास आडवा पडून तोंड रंगवून घेतो. रंगाची एक सोय अशी की डोळे, ओठ, भुवया हलताना दिसतात.

पण जरा जुन्या काळाचा विचार करा. वीज नव्हती. गॅसची बत्तीही नव्हती. खळ्याच्या दोन कोपऱ्यांत मशाली धरल्या की तोच उजेड. त्या हलत्या उजेडात वीस हातांवरच्या माणसाचे तोंड कसे दिसणार? नुसता एक पुसट डाग. म्हणून सोंगाचे डोळे बटबटीत करायचे, दात बाहेर काढायचे, पांढऱ्या नि तांबड्या रेघा ठळक ओढायच्या. दिवसा घरात बसून असे सोंग हातात घेतले तर ते ओबडधोबड वाटते. "सुताराला नाक काढता आलं नाही," असे आपण म्हणतो. पण ते दिवसा बघायचे नव्हतेच. ते रात्री, मशालीच्या उजेडात, लांबून बघायचे होते.

हे पाहायचे असेल तर पालघर जिल्ह्यात जव्हार-मोखाड्याकडे जावे. तिथे आदिवासी लोकांचा बोहाडा होतो. होळीनंतर, चैत्र-वैशाखात, गावोगाव रात्री सोंगे निघतात. आधी गणपती, मग सारजा म्हणजे सरस्वती, आणि मागून रावण, नरसिंह, भीम, किती म्हणून सांगावे! संबळ वाजतो, मशाली पेटतात, आणि एकेक सोंग नाचत गावातल्या वाटेने पुढे येते. देवी आणि महिषासुर यांची लढाई शेवटी होते. तोवर पहाट झालेली असते. ही मोठमोठी सोंगे लाकडाची नाहीतर कागदाच्या लगद्याची असतात. त्यांचे वजन मानेवर घेऊन नाचणे म्हणजे डोक्यावर भाताचा भारा घेऊन फुगडी घालणे आहे.

आता अडीच हजार वर्षे मागे आणि समुद्रापलीकडे जाऊ. युरोपात ग्रीस नावाचा देश आहे. अथेन्स हे त्याचे मोठे शहर. तिथे द्राक्षांचा आणि दारूचा एक देव होता. त्याच्या जत्रेत दरवर्षी नाटके होत. ती दिवसा होत, म्हणून उजेडाची अडचण नव्हती. अडचण होती ती अंतराची. माणसे डोंगराच्या उतारावर बसत, खाली गोल अंगणात नाटक चाले. त्याच देशात एपिडॉरस या गावी असे एक दगडी रंगस्थळ अजून उभे आहे. त्यात दहा हजारांवर माणसे बसतात, आणि उन्हाळ्यात तिथे आजही नाटके होतात. सगळ्यांत वरच्या पायरीवर बसलेल्याला खालच्या नटाचे तोंड आपल्या अंगठ्याच्या नखाएवढेसुद्धा दिसायचे नाही. मग ओळखायचे कसे, राजा कोण नि दूत कोण? सोंगावरून.

ग्रीक लोकांची आणखी एक सोय होती. गाणाऱ्या मंडळींचा ताफा वेगळा. पण बोलणारे मुख्य नट पुढे तीनच ठरले. तीन माणसांत सगळे नाटक! एकाने राजाचे सोंग उतरवायचे आणि राणीचे चढवायचे. सगळे नट पुरुष असत, बायकांची कामेही तेच करीत. आपल्या नमनातही गोमू आणि गवळणी पुरुषच होत आले आहेत. आता काही मंडळांत बायकाही रंगमंचावर येऊ लागल्या आहेत, ते बरेच झाले.

त्या ग्रीक सोंगांपैकी आज एकही उरलेले नाही. ती कापडाची आणि हलक्या लाकडाची होती, कुजून गेली. मातीच्या भांड्यांवर काढलेली चित्रे आणि दगडात कोरलेल्या नकला एवढेच मागे राहिले. हे लक्षात ठेवा. पुढे याचे काम पडेल.

आतल्या माणसाला काय दिसते?

बघणारे बाहेर असतात, म्हणून सगळे बाहेरचेच बोलतात. आत काय चालते? आत अंधार असतो. आपल्याच श्वासाची वाफ तोंडावर येते. डोळ्यांपुढे दोन बारीक भोके, आणि त्यांतून पायाखालची जमीन दिसत नाही. खळ्याची कड कुठे, तुळशीवृंदावन कुठे, मशाल कुठे, हे अंदाजाने ओळखायचे. म्हणून मृदंग नि झांज ही नुसती शोभा नव्हे. वाजवणारे कुठे बसले आहेत हे कानाला कळले, की सोंग घेतलेल्या माणसाला आपण कुठे आहोत ते कळते. त्याला ती दुसरी नजरच म्हणा ना!

जपानी लोकांनी हीच अडचण खांबाने सोडवली. जपानात नो नावाचे नाटक आहे. चौदाव्या शतकात कानआमी आणि त्याचा मुलगा झेआमी या दोघांनी त्याला रूप दिले. ते आजही होते. रंगमंच चौकोनी, वर छप्पर, चार कोपऱ्यांना चार खांब. सोंग घातलेला नट समोरच्या एका खांबाकडे नजर ठेवून चालतो, म्हणजे तो खाली पडत नाही.

नो नाटकाचे मुखवटे लाकडाचे असतात. एका सुगंधी सुरूसारख्या झाडाचे लाकूड कोरतात, शिंपल्याच्या पांढऱ्या भुकटीचे थर देतात आणि वर रंग चढवतात. मुखवटा तोंडापेक्षा थोडा लहानच असतो. म्हाताऱ्या नटाची जाड हनुवटी तरुण मुलीच्या मुखवट्याखालून दिसते. आपल्याला हसू येईल. तिकडे कोणाला येत नाही.

रंगमंचावर जाण्याआधी नट आरशाच्या खोलीत बसतो. मुखवटा दोन्ही हातांत घेतो, त्याला नमस्कार करतो, मग तोंडाला लावतो. लावल्यावर आरशात पाहतो. घाई नाही, गडबड नाही. हे वाचून आमच्या मनात आले की आपल्याकडेही सोंग चढवण्याआधी हात जोडतात, नारळ ठेवतात. इतक्या दूरच्या दोन देशांनी हे एकमेकांना पाहून केलेले नाही. उद्या दुसऱ्याच कोणाच्या तोंडाने वावरायचे असेल, तर माणसाला आधी जरा थांबावेसे वाटते, हेच खरे.

नो मुखवट्याची खरी करामत पुढेच आहे. तो ना हसतो, ना रडतो. मग दुःख कसे दाखवायचे? नट मान किंचित वर करतो. उजेड मुखवट्यावर पसरतो आणि तोंड हसल्यासारखे दिसते. मान खाली झुकवतो. डोळ्यांवर सावली पडते आणि तोंड उदास दिसते. जपानी भाषेत यासाठी जे शब्द आहेत त्यांचा अर्थ उजळणे आणि झाकोळणे असा आहे. आभाळाला लावतो तेच शब्द. खोटे वाटत असेल तर घरी करून पाहा. गौरीचा मुखवटा दिव्याजवळ धरा. हळूहळू वर करा, हळूहळू खाली झुकवा. लाकूड, पितळ, माती काहीही असो, तोंड बदलल्यासारखे वाटेल.

आपल्या देशातच पश्चिम बंगालमध्ये पुरुलिया जिल्हा आहे. तिथे छाऊ नावाचे नृत्य चैत्रात होते. दुर्गा, महिषासुर, रावण, गणपती, सगळे मोठमोठे मुखवटे घालून नाचतात. ढोल वाजतो, शहनाई वाजते. तोंड तर झाकलेले. मग राग आला हे दाखवायचे कसे? खांद्याने! छाऊ नाचणारा खांदे थरथरवतो, छाती फुगवतो, मानेला हिसका देतो, हवेत उडी घेऊन गुडघ्यांवर उतरतो. ओठ बंद झाले की सगळे अंग बोलू लागते. पुरुलियाच्या गंभीरसिंग मुडा या छाऊ नर्तकाला भारत सरकारने १९८१ साली पद्मश्री दिली. २०१० साली छाऊ नृत्याचे नाव युनेस्कोच्या यादीत गेले. ती यादी सगळ्या जगाने जपावी अशा कलांची आहे.

आपला संकासूर पाहताना आता नीट लक्ष द्या. चांगला संकासूर तोंडाने थोडे आणि कमरेच्या घुंगरांनी जास्त बोलतो. नवशिका नुसता ओरडतो.

सोंगाला मुभा

आता त्या मघाच्या प्रश्नाकडे येऊ. दैत्य असून संकासूर आवडतो का? आम्हाला वाटते, कारण त्याला बोलायची मुभा असते. गावात जे उघड्या तोंडाने बोलता येत नाही, ते झाकल्या तोंडाने बोलता येते. कोणाच्या कंजूषपणावर, कोणाच्या ऐटीवर तो खुशाल बोट ठेवतो. ज्याच्यावर बोट ठेवले तोही हसतो, कारण रागावला तर सगळी वाडी त्यालाच हसेल. कोकणात पूर्वी खोती होती. १९४९ च्या कायद्याने ती गेली. खोताच्या अंगणात उभ्या राहिलेल्या कुळाला खोतापुढे मान वर करणे अवघड होते. ज्याचे तोंडच दिसत नाही, त्याला ते तितके अवघड नसावे. दुसऱ्या दिवशी "ते सोंग बोललं, मी नाही," एवढे म्हणायची सोय तरी होती!

इटलीत हेच झाले. तिकडे सोळाव्या शतकापासून फिरत्या नाटक मंडळ्या होत्या. त्या बाजारात फळ्यांचा मांडव घालून खेळ करीत. त्यांची सोंगे चामड्याची आणि अर्धीच असत. नाकापर्यंत झाकलेले, तोंड मोकळे, म्हणजे बोलायला अडचण नाही. पांतालोने नावाचा एक चिक्कू म्हातारा व्यापारी असे. लांब वाकडे नाक, कमरेला पैशांची थैली. आर्लेकिनो नावाचा सदा भुकेला नोकर असे. हा नोकर धन्याला सारखा फसवी, मार खाई आणि पुन्हा फसवी. बाजारातले हमाल, मोलकरणी, शेतकरी हे बघून खूश होत. का, ते सांगायला नको.

या मंडळ्यांची एक गोष्ट आम्हाला विशेष वाटते. १५४५ साली पादुआ या शहरात आठ नटांनी मिळून कागद केला. बरोबर फिरायचे, पैसे एका पेटीत टाकायचे, सगळ्यांनी वाटून घ्यायचे, आणि कोणी आजारी पडला तर त्याला त्यातून मदत करायची, असे त्यांनी लिहून ठेवले. तो कागद उरला म्हणून आज पावणेपाचशे वर्षांनी आपल्याला त्यांची हकिकत कळते. आपल्याकडच्या किती नमन मंडळांचा असा कागद आहे?

सोंगाचे आणखी एक काम भीती घालवण्याचे. श्रीलंकेत दक्षिणेकडे एक जुना विधी आहे. त्यात अठरा रोगांची अठरा भुते मानतात, आणि प्रत्येकाचे वेगळे लाकडी सोंग असते. रात्रभर ढोल वाजतात. आजाऱ्यासमोर एकेक भूत नाचत येते. पहिल्यांदा भीती वाटते. मग ते भूत वेडेवाकडे बोलू लागते, ढोलकऱ्याकडून थट्टा करून घेते आणि लोक हसतात. ज्याला हसलो त्याची भीती कमी होते, इतके यातले मर्म खरे आहे. त्याने मनाला धीर येत असेल. पण ताप उतरत नाही. तापाला दवाखानाच लागतो. लेप्टोचा ताप आलेला माणूस कोणी सोंगापुढे बसवून ठेवील तर तो घात होईल.

आपल्या पोरांचेही असेच होते. तीन वर्षांचे मूल संकासुराला पाहून किंचाळते. सहा वर्षांचे लांबून खडा मारते. दहा वर्षांचे त्याच्या मागे धावते. आणि एखाद्या रात्री ते पाहते की आडोशाला बसलेल्या संकासुराने सोंग वर सारले आहे, आणि आत शेजारचा काका चहा पितो आहे. त्या रात्री ते मूल जरा मोठे होते.

सोंग घडते कसे, टिकते कसे?

पुरुलियात चरिदा नावाचे गाव आहे. त्या गावात घरोघर छाऊचे मुखवटे होतात. आधी मातीचा साचा करतात. त्यावर राख भुरभुरवतात, म्हणजे कागद मातीला चिकटत नाही. मग खळीत भिजवलेल्या कागदाचे थरावर थर लावतात. वर पातळ मातीचा हात, त्यावर कापड, मग घासून गुळगुळीत करणे. वाळले की साचा काढून घेतात, डोळ्यांना भोके पाडतात, रंग देतात, मणी नि पिसे लावतात. पुरुलियाच्या या मुखवट्याला २०१८ साली सरकारी भौगोलिक मानांकन मिळाले. आपल्या रत्नागिरीच्या हापूसला मिळाले तसेच. म्हणजे त्या नावाने दुसऱ्याने माल विकायचा नाही. गावच्या कारागिराला दोन पैसे मिळतात आणि कला चालू राहते.

आपल्याकडे असा कारखाना नाही. गावचा सुतार, गावचा गणपती करणारा, नाहीतर घरचाच कोणी हौशी माणूस सोंग करतो. कागद, खळ, कापड, डिंक एवढेच सामान. शाळेतली पोरेही रद्दीच्या कागदाचे सोंग चार दिवसांत करू शकतील, फक्त वाळवायला ऊन हवे. पण आता बाजारात प्लास्टिकचे मिळते. ते हलके, स्वस्त आणि चकचकीत असते. ते घ्या किंवा घेऊ नका, आम्ही भांडणार नाही. मात्र नवे आणले म्हणून जुने होळीत टाकू नका. आणि जुन्या वस्तू घेत फिरणारा कोणी आला, "हे लाकूड कशाला ठेवलंय, पाचशे घ्या," म्हणाला, तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा. ते पाचशे शिमग्याआधीच संपतील, आणि तसे सोंग पुन्हा मिळणार नाही.

कोकणात सोंगाचे तीन वैरी आहेत : पावसाळी ओल, वाळवी आणि उंदीर. शिमगा संपला की सोंग घामाने भिजलेले असते. ते तसेच पेटीत कोंबू नका. दोन दिवस सावलीत, वाऱ्यावर वाळवा. कडक उन्हात ठेवले तर लाकूड तडकते आणि रंगाचे पोपडे निघतात. आतून कोरड्या फडक्याने पुसा. मग धुतलेल्या सुती कापडात गुंडाळा, बरोबर कडुनिंबाचा वाळलेला पाला घाला, आणि जमिनीपासून उंच, भिंतीला न टेकवता ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नका, आत घाम धरतो. गणपतीच्या दिवसांत पाऊस उघडला की एकदा उलगडून वारा द्या. रंग उडाला असेल तर घरातला दाराचा तेलरंग त्यावर फासू नका, जुना रंग कायमचा झाकला जातो.

आणखी एक काम आहे. त्याला पैसा लागत नाही. जपानातले जुने मुखवटे उलटे करून पाहिले तर कितीएकांच्या आतल्या बाजूला घडवणाऱ्याचे नाव किंवा त्याचा डाग दिलेला ठसा सापडतो. म्हणून तीन-चारशे वर्षांपूर्वीच्या सुताराचे नाव आज तिकडच्या लोकांना ठाऊक आहे. आपल्या गावच्या सोंगाच्या आत काय लिहिलेले असते? काहीच नाही. ज्याने केले त्याला अक्षर येत नव्हते, आणि ज्याला अक्षर येत होते त्याला ते सोंग आपले वाटत नव्हते.

आता तुम्हाला अक्षर येते. या शिमग्यात सोंगे पेटीत ठेवण्याआधी एक करा. वाडीतल्या जुन्या माणसांना विचारा, हे सोंग कोणी केले, कधी केले, आधी कोण नाचवीत असे. जेवढे नक्की कळेल तेवढेच लिहा. जाड कागदाच्या तुकड्यावर, पेन्सिलीने, ठळक अक्षरात. पेन्सिल ओलीने पुसट होत नाही, शाई होते. गाव, वाडी, तालुका. सोंगाचे नाव. घडवणाऱ्याचे नाव, ठाऊक असेल तर साल. आजवर ज्यांनी ते अंगावर घेतले त्यांची नावे, एकाखाली एक. तळाला थोडी जागा कोरी सोडा. मग तो कागद सुती फडक्यात सोंगाबरोबर ठेवा, आणि तसाच दुसरा लिहून नमन मंडळाच्या वहीत चिकटवा.